दोन ओळींची मोकळी जागा

सरोज देवतळे हिने लखनौमध्ये काढलेल्या साडेसहा वर्षांत एकंदर तेवीस शिफारसपत्रं लिहिली आणि त्यांतल्या एकाखालीही तिची सही नाही. सही डॉ. श्रीरंग पळसुले यांची. ते प्रयोगशाळेचे प्रमुख आणि ही त्यांच्या हाताखालची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. होऊन बरीच वर्षं उलटलेली पण अजून कुठे कायम न झालेली संशोधक. कुणी जर्मनीला निघालं, कुणी कोरियाला, कुणी नुसतंच बंगळुरूला, की पळसुले सर दारातूनच सांगत, "सरोज, याचा ड्राफ्ट टाक गं. मी सही करतो."

हा काही चोरीचा मामला नव्हता. संशोधनाच्या जगात ही रीतच आहे. मोठ्या माणसाला वेळ नसतो. पुष्कळ ठिकाणी तर ज्याचं पत्र त्यालाच स्वतःचे गोडवे गायला बसवतात. पळसुले सर निदान मुलांना तरी या कामाला लावत नसत, कारण सरोजची पत्रं लागू पडायची. बाकीचे लोक 'मेहनती, हुशार, मनमिळाऊ' असं लिहून मोकळे होतात आणि तसली पत्रं निवड समित्यांकडे पोत्याने येतात. सरोज आधी चार दिवस त्या मुलाकडे नुसती बघत राहायची. सुश्रुत म्हणून एक विद्यार्थी होता. त्याच्याबद्दल तिने लिहिलं की, सलग अकरा वेळा प्रयोग फसला आणि अकराही वेळा याने वहीत तारीख घालून स्वच्छ अक्षरात 'फसला' असं लिहिलं, एकदाही आकडा वाकवला नाही. डेन्मार्कच्या प्रोफेसरांनी पहिल्याच दिवशी त्याला ते वाक्य वाचून दाखवलं. सुश्रुतने फोन केला तो अर्थातच सरांना. "सर, तुम्ही इतकं बारकाईने बघत होता?" सर हसले. सरोज समोरच बसली होती, तीही हसली.

दुसऱ्यांबद्दल असं भरभरून लिहिणाऱ्या या बाईला स्वतःबद्दल एक वाक्य धड बोलता येत नव्हतं, आणि ते कुठून आलं हे सांगायला वरोऱ्याला जावं लागेल. आई तिथल्या शाळेत शिवण शिकवायची. सरोजचं प्रगतिपुस्तक आलं की आई ते उभ्याउभ्याच बघायची, सही करायची आणि कपाटात साड्यांच्या खाली सरकवून द्यायची. पहिला नंबर आला तरी तेच. घरी आलेल्या कुणी विचारलं, "काय म्हणते सरोज? कशी आहे अभ्यासात?" की आई चहाचा कप पुढे करत म्हणायची, "आहे आपली बरी." सरोज दाराआडून ऐकायची. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत तिला वाटायचं की 'बरी' यापेक्षा वर काही नसतंच. पुढे कळलं की असतं, पण तोवर सवय हाडात मुरली होती.

नागपूरला पीएच.डी. झाली ती स्टार्चच्या पातळ कागदावर, म्हणजे फिल्मवर. दिसायला प्लास्टिक, पण मातीत टाकला की महिना-दोन महिन्यांत कुजून माती होणारा. नेदरलँड्सच्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं, दोन वर्षांचं. त्याच महिन्यात सावनीची चाहूल लागली. सरोजने तिकडे दिलगिरीची मेल पाठवली आणि घरात कुणी तो विषय पुन्हा काढला नाही. नवरा मयूर सरकारी बँकेत. माणूस सरळ, प्रेमळ, पण दर काही वर्षांनी बदली ठरलेली. आधी रायपूर, मग लखनौ. जिथे मयूरची बदली होईल तिथे सरोजने संशोधनाचं दार शोधायचं, असा तो संसार. लखनौला आले तेव्हा सावनी चार वर्षांची होती. जानकीपुरममध्ये भाड्याचं घर घेतलं आणि सरोज शहराबाहेरच्या एका संस्थेत पळसुले सरांकडे रुजू झाली.

त्या संस्थेत कायमच्या माणसांना निळं ओळखपत्र असायचं आणि करारावरच्यांना पिवळं. पिवळ्यावर मुदत छापलेली, एकतीस मार्च. दर वर्षी फेब्रुवारी लागला की सरोज ती तारीख पुन्हा पुन्हा बघायची आणि दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं पिवळं कार्ड मिळायचं. जुनी कार्डं परत करायची असतात, पण सरोजने एकही केलं नाही. स्वयंपाकघरातल्या खणात, मेणबत्त्या आणि रबरबँडांच्या शेजारी, तिची सहा कार्डं पडून होती आणि सातवं गळ्यात. प्रत्येकावर फोटो तोच, तेहतीस वर्षांच्या सरोजचा.

चिनहटला आंब्याचा रस काढणारा एक कारखाना आहे. उन्हाळ्यात त्याच्या मागच्या भिंतीला लागून कोयींचा ढीग पडतो, पुरुषभर उंच, आणि असा वास सुटतो की रिक्षावाले नाकाला गमछा लावून जातात. लखनौला आल्या आल्या सरोज तिथे सहज गेली होती, हंगाम सरला तरी ढीग पडून होता. ढिगासमोर ती बराच वेळ उभी राहिली. कोय फोडली की आत पांढरा गर असतो आणि त्या गरात स्टार्च असतं, हे तिला ठाऊक होतं. तिकडे मलिहाबादच्या बागांत दशहरी आंब्याची फळं झाडावर असतानाच पिशव्या बांधतात, किडीपासून आणि डागांपासून वाचवायला. कागदाच्या पिशव्या एका पावसात लगदा होतात आणि प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तोडणीनंतर वर्षभर बागेत उडत राहतात. तिच्या मनात आलं की आंब्याच्या कोयीचीच पिशवी आंब्याला का घालू नये.

ऐकायला सोपं. पण आंबा वर्षातून एकदाच लागतो, आणि प्रयोग फसला की पुढची संधी बरोबर एका वर्षाने. पहिला हंगाम टाळेबंदीत गेला. दुसऱ्या हंगामात अर्धी लॅब तापाने आजारी. तिसऱ्या वर्षी पिशव्या दवानेच मऊ पडल्या, चौथ्या वर्षी त्यांना बुरशी आली. पाचव्या वर्षी तिने उसाच्या चिपाडाचा बारीक तंतू त्यात मिसळून पाहिला आणि पिशवी जरा तग धरू लागली. मलिहाबादचे जमील मियाँ दर वर्षी आपल्या बागेतली दहा झाडं तिला प्रयोगाला देत. "मैडम, आम आपका, दरख़्त हमारे, दुआ दोनों की," असं म्हणून आधी शरबत पाजत आणि मग कामाला हात लावू देत.

याच सुमारास लॅबमध्ये हिमानी आली. हिमानी मिश्रा, सीतापूरची, पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यातली, चुणचुणीत आणि बोलकी. आधीचा गाइड निवृत्त झाल्यामुळे सरांनी तिला सरोजच्या हवाली केलं. सरोजने तिला काय नाही शिकवलं? कोय कशी फोडायची म्हणजे बोट चेंबत नाही, फिल्म काचेवरून सोलताना श्वास का रोखायचा, बागेत माळ्याशी आधी काय बोलायचं आणि प्रयोगाचं नंतर कसं काढायचं. हिमानी शिकली आणि जीव लावून राहिली.

मागच्या वर्षी, मे महिन्यात, संध्याकाळी आँधी आली. जानकीपुरममध्ये दोन झाडं आडवी झाली आणि मागून पाऊस कोसळला. सकाळी सहाला सरोजने स्कूटी काढली, वाटेत हिमानीला उचललं आणि दोघी मलिहाबादला पोचल्या. बागेत फळांचा सडा पडलेला. कागदाच्या पिशव्यांचा लगदा फांद्यांना चिकटलेला. आणि दहा झाडांवर, दोनशेतल्या एकशे एक्केचाळीस ठिकाणी, कोयींच्या पिशव्या जशाच्या तशा फळांवर. दोघींनी शिडी लावून एकेक मोजली. हिमानी खाली नोंद करत होती, सरोज वर आकडा सांगत होती. जमील मियाँ वर बघून म्हणाले, "मैडम, आपका लिफ़ाफ़ा तो जीत गया।" त्या दिवशी सरोज चिखलाने भरलेली घरी आली आणि मयूरला म्हणाली, "जमलं एकदाचं." एवढंच. मयूर म्हणाला, "अरे वा," आणि गीझर लावायला गेला.

पळसुले सर त्या दिवशी लखनौत नव्हते. पण त्यांना कळल्यावर त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही सरोज आहे म्हणून माझी लॅब चालते." ते हे नेहमीच म्हणत. पाहुणे आले की म्हणत, नवे विद्यार्थी आले की म्हणत. खोटं नाही म्हणत. माणूस वाईट नव्हता. सरोजला मात्र त्या वाक्याचा नको तितका भरवसा वाटू लागला, आणि तिचं सगळं तिथेच चुकलं.

सप्टेंबरात जाहिरात आली. एका मोठ्या प्रतिष्ठानाची पोस्टडॉक्टरल फेलोशिप, शाश्वत पदार्थविज्ञान, ऊर्जा आणि कृषिविज्ञान या तीन विषयांत. तीन वर्षं, स्वतःचा प्रकल्प, स्वतःच्या नावावर. आजवर सरोजच्या सगळ्या प्रकल्पांवर पहिलं नाव सरांचं असायचं, हिचं 'सहायक' म्हणून खाली. जाहिरातीत दोन अटी होत्या. एका संस्थेतून एकाचीच निवड होईल. आणि स्त्री उमेदवाराचं वय शेवटच्या तारखेला चाळीस पूर्ण नसावं. शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर आणि सरोजचा चाळिसावा वाढदिवस बारा नोव्हेंबर. बारा दिवसांनी ती बसत होती. पुढच्या वर्षी हीच काय, अशी कुठलीच जाहिरात तिच्यासाठी नव्हती. सगळीकडची दारं त्याच वयाला बंद होतात. त्यातच सरांनी सांगून टाकलं होतं की मार्चनंतर या प्रकल्पाची मुदत वाढणार नाही.

"भर, भर. तुझ्याशिवाय कोण आहे?" सर म्हणाले.

आठवड्याने त्यांनी हिमानीलाही अर्ज भरायला सांगितलं. तिची डिग्री ऑगस्टमध्ये हातात आली होती. "भरू दे गं तिलाही, अनुभव मिळेल," असं ते सरोजला म्हणाले, आणि मग नेहमीच्या सवयीने, चष्मा पुसत, "दोघींचे ड्राफ्ट टाक. मी अपलोड करतो."

दोघींचे. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असतं तर ते बोललेच नसते. आणि सरोजला 'सर, माझं तुम्हीच लिहा ना' हे पाच शब्द काही केल्या तोंडातून काढता आले नाहीत.

घरी जेवताना तिने मयूरला सांगितलं. मयूर पोळी तोडता तोडता थांबला. "म्हणजे तिचं पण तूच लिहिणार? यार सरोज, मग सिंपल आहे. तिचं जरा साधं लिही. खोटं नको लिहू, पण हातचं राखून लिही."

"असं कसं? मुलगी चांगली आहे."

"चांगली आहेच. पण अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला अजून दहा संधी मिळतील. तुला?"

सरोज उठून भात आणायला गेली. मयूरचं म्हणणं तिला पटत नव्हतं असं नाही. पटत होतं, म्हणूनच राग आला.

हिमानीचं पत्र तिने दोन संध्याकाळींत लिहिलं. लेखणी नेहमीसारखी चालली. चिनहटच्या ढिगातून हाताने निवडलेल्या कोयी लिहिल्या. दवाने मऊ पडलेल्या पिशव्या आणि त्या का पडल्या हे शोधण्यात गेलेला एक अख्खा पावसाळा लिहिला. आँधीनंतरची सकाळ लिहिली. शिडी, चिखल, एकशे एक्केचाळीस. हे काम दोघींचं होतं, काही तर हिमानी येण्याच्या आधीचं, लॅबचं म्हणून सांगितलेलं. पण शिफारसपत्र एकाच माणसाचं असतं, त्यात 'आम्ही' चालत नाही. सरोज जिथे तिथे 'ती' लिहीत गेली. शेवटी लिहिलं, 'जिच्या हाती एखादा प्रश्न निर्धास्तपणे सोपवून आपण दुसरीकडे बघू शकतो अशी माणसं फार थोडी असतात. ही त्यांतली आहे.'

मग स्वतःचं. इथे घोडं अडलं. पहिल्या वेळी तिने 'अत्यंत कल्पक' असं लिहिलं आणि कुणी पाठीमागे उभं आहे का म्हणून वळून पाहिलं. पुसलं. दुसऱ्या वेळी आँधीची सकाळ लिहायला घेतली, पण ती हिमानीच्या पत्रात गेली होती. एकच गोष्ट दोन पत्रांत कशी घालणार? तिसऱ्या वेळी नुसती प्रकाशनांची यादी झाली. चौथ्यांदा जे उरलं ते असं होतं: 'डॉ. सरोज देवतळे सहा वर्षांपासून माझ्या प्रयोगशाळेत काम करतात. त्या प्रामाणिक आणि नियमित आहेत. त्यांचे शोधनिबंध सोबत जोडले आहेत. मी त्यांची शिफारस करतो.' वरोऱ्याच्या कपाटातलं प्रगतिपुस्तकच ते, साड्यांखालचं.

तिला ते अपुरं वाटलं नाही असं नाही. म्हणून तिने यादीच्या खाली आणि शिफारशीच्या वर दोन ओळींची जागा मोकळी सोडली. मेलमध्ये लिहिलं, 'सर, मध्ये जागा ठेवली आहे. आपल्याला योग्य वाटेल ते कृपया घालावे.' जे सर रोज चहाला म्हणतात, तेच एक वाक्य त्यांनी तिथे लिहिलं तरी पुरे. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाकडे स्वतःबद्दल दोन शब्द मागितले होते, आणि तेही असे, जागा मोकळी सोडून.

दुसऱ्या दिवशी सरांचा विमानतळावरून मेसेज आला. 'दोन्ही अपलोडेड. ऑल द बेस्ट.' सरोजने उत्तरात दोन हात जोडले आणि देवापाशी साखर ठेवली. सावनीने विचारलं, "मम्मा, आज क्या है?" ती म्हणाली, "काही नाही. परीक्षा आहे माझी." "आपकी भी होती है?" सावनीला गंमत वाटली.

निकाल जानेवारीत लागला, धुक्याच्या दिवसांत. सकाळी अकरा वाजले तरी समोरची इमारत दिसत नव्हती. हिमानीची निवड झाली होती. सरोजच्या मेलमध्ये चार ओळी होत्या आणि खाली परीक्षकांचा शेरा. 'प्रकाशने चांगली. मात्र मार्गदर्शकाच्या पत्रातून उमेदवाराची स्वतंत्र कामगिरी स्पष्ट होत नाही.'

तिने तो शेरा पुन्हा वाचला. मग लॅबच्या फोल्डरमध्ये जाऊन सरांनी अपलोड केलेली प्रत उघडली. सरांनी काहीही घातलं नव्हतं. पण मधली मोकळी जागा दिसायला बरी दिसत नाही म्हणून ती मात्र काढून टाकली होती. वरचा परिच्छेद खालच्याला नीट जोडला होता. सही ठळक आली होती.

दुपारी सरांनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "वाईट वाटलं गं, सरोज. मला तर खात्रीच होती." थोडा वेळ त्यांनी पेपरवेट फिरवला. "तुझं पत्र मी नीट वाचलंही नाही, खरं सांगतो. म्हटलं, ही सगळ्यांचं इतकं छान लिहिते, स्वतःचं तर झकासच लिहिलं असेल."

"हो सर," सरोज म्हणाली.

त्या माणसाला बोल लावायलाही तिच्याकडे शब्द नव्हते. ती बाहेर आली, बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि तोंडात ओढणी धरून रडली. सहा वर्षं रोज ज्या वाक्यावर ती जगली, ते वाक्य हवेतलं होतं. चहाबरोबर बोललं जायचं आणि कप धुतले की संपायचं.

बाहेर हिमानी मलाई-गिलोरी या मिठाईचा डबा घेऊन उभी होती. तिला आनंद दाखवावा की लपवावा हे कळत नव्हतं. "मैम, मुझे बहुत बुरा लग रहा है। आपका होना चाहिए था।" सरोजने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हिमानीला राहवेना. प्रतिष्ठानाने अभिनंदनपत्रात मार्गदर्शकाच्या पत्रातल्या काही ओळी उद्धृत केल्या होत्या. तिने मोबाइलवर त्या दाखवल्या आणि वाचताना तिचेच डोळे भरून आले. "देखिए न मैम, सर ने लिखा है... जिसके हाथ में सवाल सौंपकर हम निश्चिंत हो जाएँ। सर तो कभी कुछ बोलते नहीं थे। और वो आँधी वाली सुबह! सर तो थे भी नहीं उस दिन। आपने बताया होगा?"

"हाँ," सरोज म्हणाली. "मैंने बताया था।"

"शिडी पर तो आप थीं, मैम," हिमानी हळूच म्हणाली. सरोजकडून उचललेला तो मराठी शब्द तिच्या हिंदीत कधीचाच येऊन बसला होता.

"गिनती तुमने लिखी थी। जाओ, सर को मिठाई दो।"

घरी तिचं दुःख कुणाला दुःख वाटलं नाही, आणि याचा तिला जास्त त्रास झाला. मयूरने तिला जवळ घेतलं, "मी म्हटलं होतं," हे तो चुकूनही बोलला नाही, ही त्याची भलाई. पण चार दिवसांनी म्हणाला, "बघ ना, आता तुला घरी वेळ मिळेल. रोजची ती पळापळ संपेल. आपल्याला कशाची ददात आहे?" आईने फोनवर विचारलं, "नोकरी सुटली का?" आणि मग, "जाऊ दे. सावनी बरी आहे ना?" कुणाचं काही मेलं नव्हतं, घर चालत होतं. चाळिशीच्या बाईचं एक काम थांबलं म्हणून सुतक कोण पाळणार? सरोज भाजी चिरता चिरता थांबायची आणि सुरीकडे बघत राहायची. मोहोर आला असेल, असं तिच्या मनात यायचं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती हिमानीला घेऊन मलिहाबादला गेली, पुढच्या हंगामाची झाडं दाखवून द्यायला. मोहोर गळून बारीक फळ धरलं होतं. जमील मियाँनी शरबत आणला. "तो मैडम, इस साल लिफ़ाफ़े कब बाँधेंगे?"

"अब हिमानी आएगी, मियाँ। मेरा काम यहाँ पूरा हो गया।"

म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला. "पूरा हो गया?" त्याने झाडांकडे पाहिलं. "अभी तो फल लगा था, मैडम।"

पूर्ण आयुष्यात सरोजच्या कामाबद्दल कुणी हळहळलं असेल तर ते एवढंच. तिने दहाही झाडांच्या बुंध्यांवरच्या आपल्या हाताने लिहिलेल्या पट्ट्यांवरची धूळ पुसून घेतली आणि ती स्कूटीपाशी आली.

जानकीपुरममधल्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा होती. शाळेला आधीच्या संस्थेचं अनुभवपत्र हवं होतं. सरोजने सरांना फोन केला. सर म्हणाले, "अवश्य, अवश्य. ड्राफ्ट पाठव ना. मी लगेच सही करतो."

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. सावनी समोर गृहपाठ करत होती, मयूर अजून आला नव्हता. तिने कोरं पान उघडलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने हिमानीचं शिफारसपत्र उघडलं आणि सगळीकडे एका फटक्यात हिमानीचं नाव बदलून त्या जागी स्वतःचं घातलं. आणि वाचायला लागली.

डॉ. सरोज देवतळे यांनी चिनहटच्या ढिगातून कोयी स्वतःच्या हाताने निवडल्या. डॉ. सरोज देवतळे यांनी एक अख्खा पावसाळा एका अपयशाचं कारण शोधण्यात घालवला. आँधीनंतरच्या सकाळी डॉ. सरोज देवतळे शिडीवर उभ्या राहून एकेक पिशवी मोजत होत्या. एकही शब्द खोटा नव्हता. कुठे खाडाखोड करावी लागली नाही. तिला कळलं की दोन संध्याकाळींत जे झरझर लिहून झालं होतं, ते कुणाला बघून लिहिलं होतं. या कागदात पहिल्या ओळीपासून तीच बसली होती, दुसऱ्याच्या नावाखाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

सावनी कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. पत्र इंग्रजीत आणि पोर इंग्रजी शाळेतली, सगळं वाचून झालं होतं तिचं.

"मम्मा, ये आप हो? आँधी में आप सीढ़ी पर चढ़ी थीं?"

"हो."

"सच में? और वो सब थैलियाँ बच गई थीं?"

"एकशे एक्केचाळीस."

सावनीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर दुखावल्यासारखं काहीतरी आलं. "तो आपने हमें कभी बताया क्यों नहीं?"

सरोजने मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सावनी गॅस बंद करायला पळाली.

तेवढ्यात सरोजने ते पान मिटलं. लॅपटॉपने विचारलं, बदल जतन करायचे का? तिने 'नाही' दाबलं. कोऱ्या पानावर तिने लिहिलं, 'डॉ. सरोज देवतळे यांनी या संस्थेत सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२६ या काळात काम केले. या काळात त्यांची वर्तणूक चांगली होती.' या वेळी तिने मध्ये जागा सोडली नाही. पाचच मिनिटांत सरांचं उत्तर आलं.

'एकदम व्यवस्थित. सही केली.'